फ्लेमिंगो नंतर, आधी साळुंकी

आमच्या भागात कुणी नवा कॅमेरा घेतला की पुढचे टप्पे ठरलेले असतात. पहिल्या आठवड्यात घरातल्या पोरांचे आणि दारातल्या बैलाचे फोटो. दुसऱ्या आठवड्यात यूट्यूबवर ‘बर्ड फोटोग्राफी सेटिंग’. तिसऱ्या रविवारी पहाटे चार-पाच जणांनी गाडी करून भिगवण. संध्याकाळी सगळ्यांच्या इन्स्टाग्रामवर तोच एक फोटो झळकतो: पाण्यावरून उडणारे फ्लेमिंगो, पसरलेले गुलाबी-काळे पंख. आणि नावाखाली नवी ओळख, ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर’.

माझं म्हणणं असं आहे की यात फोटो मिळतो, पण शिकणं होत नाही. पक्ष्यांचे फोटो काढायला खरंच शिकायचं असेल, तर पहिलं एक वर्ष आपल्या गावाबाहेर, आपल्या शहराबाहेर जायची काही गरज नाही. मी तर म्हणतो, जाऊच नये. जो माणूस आपल्या दारातल्या साळुंकीचा नीट फोटो काढू शकत नाही, त्याने फ्लेमिंगोच्या अंगावर होडी घालू नये.

मी काष्टीत राहतो. अहिल्यानगर जिल्हा, तालुका श्रीगोंदा. गाव म्हणावं तर मोठं, शहर म्हणावं तर छोटं. दौंड-मनमाड रेल्वेमार्गावरचं स्टेशन, आजूबाजूला ऊस आणि कांदा, आणि शनिवारचा जनावरांचा बाजार, ज्यासाठी लांबलांबचे शेतकरी आणि व्यापारी येतात. भिगवण इथून दौंडमार्गे फार लांब नाही. म्हणून तर आमच्या पोरांना वाटतं की पक्षी तिकडे आहेत आणि इकडे फक्त कावळे. पुण्यात, पिंपरीत, नाशिकमध्ये राहणाऱ्या वाचकांनी काष्टीच्या जागी आपली मंडई, आपला नाला, आपली गच्ची ठेवून हा लेख वाचला तरी चालेल. मुद्दा तोच आहे.

भिगवणशी माझं भांडण काय?

भिगवणच्या पक्ष्यांशी नाही, आणि तिथल्या नावाड्यांशी तर मुळीच नाही. भीमेवर उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. गावं आणि जमिनी पाण्याखाली गेल्या. त्या फुगवट्याच्या उथळ कडांवर पक्ष्यांना खाद्य मिळालं, आणि भिगवण, कुंभारगाव, डिकसळच्या काठावरच्या मच्छीमार कुटुंबांना हिवाळ्यातले काही महिने होडीचं उत्पन्न मिळू लागलं. धरणाने ज्यांचं नुकसान केलं त्यांना पक्ष्यांमुळे दोन पैसे मिळत असतील तर त्याला नावं ठेवणारा मी कोण? आणि त्यातल्या कित्येक नावाड्यांना पक्ष्यांची जितकी माहिती आहे तितकी होडीत बसलेल्या लाखाच्या लेन्सवाल्याला नसते.

भांडण आहे ते होडीत बसणाऱ्या आपल्याशी. फ्लेमिंगो, म्हणजे रोहित पक्षी, चोच उलटी करून पाणी गाळतो आणि त्यातले बारीक जीव खातो. पोट भरायला त्याला तासन्‌तास मान खाली घालून उभं राहावं लागतं. पण मान खाली घातलेला फ्लेमिंगो आपल्याला नको असतो. पंखांचा लाल-काळा रंग उडाल्यावरच दिसतो, म्हणून उडवायचा. उडवतो म्हणून कुणी म्हणत नाही. म्हणतात, ‘दादा, अजून थोडं जवळ घ्या ना.’ नावाडी सांगतो की आणखी गेलो तर उडतील. तरी पाचशे रुपये जास्त देतो म्हणणारा एक जण होडीत असतोच. थवा उडतो, आठ-दहा कॅमेरे कडकडतात, थवा दूर जाऊन बसतो. मग दुसरी होडी येते. सीगलसाठी पाण्यात फरसाण टाकणं, फोनवर आवाज वाजवून पक्षी बोलावणं, हे त्याच्या पुढचे प्रकार.

या सगळ्यात फोटो काढणारा काय शिकला? शटर स्पीड दोन हजारावर ठेवला की पंख स्थिर दिसतात, एवढंच. पक्षी कुठे असेल हे नावाड्याने शोधलं. उजेड कुठून यावा हेही नावाड्यानेच होडी फिरवून ठरवलं. पक्षी कधी काय करेल हे कळायची गरजच पडली नाही, कारण तो उडवला. फोटोग्राफरकडे उरलं फक्त बटण दाबणं.

शनिवारच्या बाजारात

आता काष्टीचा शनिवारचा बाजार बघा. सकाळपासून पिकअप आणि टेम्पो लागतात. बैल, गायी, म्हशी उतरतात आणि त्यांच्या मागोमाग पक्षी येतात. ते उगाच येत नाहीत. जनावर पाय उचलतं तेव्हा गवतातला, शेणावरचा किडा उडतो. ढोरबगळा त्या पायामागे चालतो, कारण किडा शोधायचं काम जनावर करतं. साळुंकी म्हशीच्या पाठीवर बसून गोचिडं आणि माश्या टिपते. कोतवाल वरच्या तारेवर बसतो आणि उडालेला किडा हवेतल्या हवेत पकडतो. थंडीत उत्तरेकडून आलेला धोबी शेपटी वरखाली हलवत डबक्याच्या कडेने पळत असतो. सांडलेल्या पेंडीवर चिमण्या, चहाच्या गाड्याजवळ कावळे, आणि सगळ्यांच्या वर घारी.

एकाच मैदानात एवढी नाती दिसतात. ती फोटोत आणायची तर आधी समजून घ्यावी लागतात. एका शनिवारी मी बैलांच्या दावणीजवळ बसलो होतो. एक मामा बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, “काय वो, बगळ्याचा कशाला काढताय? माझ्या बैलाचा काढा की. बगळा काय इकायचाय का?”

मी म्हणालो, “मामा, हा तुमच्या बैलामागंच का फिरतो ते बघतोय.”

“त्यात काय बघायचं? बैलानं पाय उचलला की त्यो मान लांब करतो. बैल थांबला की थांबतो. नांगरामागं बी आसंच. आता ट्रॅक्टरमागं येत्यात.”

कुठल्याही कार्यशाळेत मला इतकं नेमकं वाक्य मिळालेलं नाही. बगळ्याकडे बघत बसू नका, बैलाच्या पायाकडे बघा. पाय उचलला की बोट बटणावर. बगळ्याची मान सुटते तो क्षण असा सापडतो. त्याला महागडा कॅमेरा लागत नाही, बैल कळावा लागतो. आणि हो, नंतर बैलाचाही फोटो काढून मामांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा. बाजारात कुणाच्या जनावराचा, कुणाच्या चेहऱ्याचा फोटो न विचारता काढायचा नसतो. माणसांशी नीट वागता येणं हाही या शिक्षणाचाच भाग आहे.

तांत्रिक धडाही बाजारातच मिळतो. काळी म्हैस आणि तिच्या पाठीशी पांढराशुभ्र बगळा. कॅमेऱ्याचा लाइट मीटर समोरचं दृश्य साधारण मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो. काळी म्हैस फ्रेमभर असली की त्याला वाटतं अंधार आहे, आणि तो उजेड वाढवतो. मग म्हैस राखाडी होते आणि बगळा नुसता पांढरा डाग. एकही पीस दिसत नाही. उपाय सोपा आहे. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे एकच्या आसपास न्यायचं. फोनवर असाल तर बोट बगळ्यावर टेकवायचं आणि उजेडाची पट्टी खाली ओढायची. वर बघा. पांढुरक्या आभाळात तपकिरी घार. तिथे उलटं होतं, घार काळीठिक्कर पडते, म्हणून अधिक एक. बगळा आणि घार या दोघांत उजेडाचा निम्मा अभ्यासक्रम येऊन जातो.

बाकीचा निम्मा असा. सूर्य उगवल्यानंतरचा पहिला तास-दीड तास, सूर्य आपल्या पाठीशी. पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवर या, म्हणजे साळुंकीसाठी उकिडवं बसा, धोब्यासाठी सरळ जमिनीवर पालथे पडा. फोकस डोळ्यावर. चालणाऱ्या पक्ष्याला शटर पाचशेच्या पुढे, उडणाऱ्याला हजाराच्या पुढे. पक्ष्याकडे सरळ रेषेत चालत गेलात तर तो उडतो. बैलगाडीच्या, पिकअपच्या आडोशाला बसून राहिलात तर तोच तुमच्याकडे येतो. बाजारातले पक्षी माणसांना सरावलेले असतात, त्यामुळे दोनशे मिलिमीटरची जुनी लेन्सही पुरते. काहीच नसेल तर दुर्बिणीच्या भिंगाला फोन लावून काढलेला फोटोही ओळख पटवण्याइतका चांगला येतो.

लोक म्हणतात गावात पक्षी नाहीत. बाजार सोडा, नुसती रस्त्याकडेची तार बघत चला. वेडा राघू, कोतवाल, खंड्या, कापशी. हिवाळ्यात नीलकंठ. ज्वारी भरायला लागली की भोरड्यांचे थवे. उकिरड्यावर भांगपाडी मैना. पडक्या भिंतीच्या भोकात पिंगळा. वर्षभर मन लावून बघितलं तर काष्टीसारख्या गावात पन्नासच्या पुढे जाती सहज सापडतात.

घरट्याचा फोटो ही शिकार आहे

हे मी चिडून म्हणत नाही, कायदा म्हणतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या दिलेली आहे. मारणं, पकडणं, सापळा लावणं हे तर त्यात आहेच. पण संरक्षित पक्ष्यांची अंडी खराब करणं, आणि अंड्यांना किंवा घरट्याला व्यत्यय आणणं, हेसुद्धा त्याच व्याख्येत आहे. बंदूक घेतलेला माणूस आणि घरट्यासमोरची फांदी बाजूला करणारा माणूस यांना कायद्याने एका शब्दात बसवलंय. आणि आपण त्या फोटोला हार्ट देतो.

टिटवीचं उदाहरण घ्या, कारण टिटवी सगळीकडे आहे. ती उघड्या जमिनीवर, खड्यांत, साधारण चार अंडी घालते. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे दुपारी जमीन कशी तापते हे सांगायला नको. त्या उन्हात टिटवी अंड्यांवर सावली धरून उभी राहते. पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि ओल्या पिसांनी अंडी गार ठेवते. अशा वेळी तुम्ही ट्रायपॉड घेऊन वीस फुटांवर पोचता. टिटवी उठते, डोक्यावर घिरट्या घालत ओरडते. तुम्हाला वाटतं, वा, अ‍ॅक्शन शॉट! तुम्ही दहा मिनिटं थांबता. ती दहा मिनिटं अंडी उन्हात असतात. फोटो छान येतो. पिल्लं येतीलच असं नाही.

झाडावरच्या घरट्याचंही तेच. घरट्यापुढची पानं पाखराने सावलीसाठी आणि कावळ्यापासून लपायला निवडलेली असतात. ‘क्लीन फ्रेम’ हवी म्हणून ती तोडली की कावळ्याला वाट मोकळी होते. एका स्पर्धेत मी पहिल्या बक्षिसाचा फोटो पाहिला. चोची वासून बसलेली तीन पिल्लं, समोर चोचीत अळी घेतलेली आई, आणि घरट्याच्या पुढच्या बाजूला एकही पान नाही. काड्यांची ताजी तुटलेली पांढरी टोकं फोटोत स्वच्छ दिसत होती. परीक्षकांनी उजेडाचं कौतुक केलं. पानं कुठे गेली हे कुणी विचारलं नाही. माझ्या मते स्पर्धा घेणाऱ्या प्रत्येकाने घरट्याचा फोटो पाहिल्या फेरीतच बाद करायला हवा. अपवादांची यादी करत बसलात की प्रत्येक जण आपला फोटो अपवादात बसवतो.

फोनवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणं हेही असंच. आवाज ऐकून जो नर उघड्यावर येतो तो तुम्हाला पोझ द्यायला येत नाही. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसलाय असं समजून तो भांडायला येतो. ज्या वेळात त्याने खायचं, पिल्लांना भरवायचं, त्या वेळात तो तुमच्या फोनशी भांडतो. पक्षी ओळखायची अ‍ॅप जरूर वापरा. ऐकायला वापरा, ऐकवायला नको.

मग कधी थांबायचं हे कसं ओळखायचं? माझ्या मते एकच कसोटी पुरते. पक्षी जे काम करत होता ते त्याने थांबवलं, तर तुम्ही जास्त जवळ गेला आहात. मागे या. या कसोटीला अंतराचे आकडे लागत नाहीत, परवाना लागत नाही. फक्त पक्षी काय काम करत होता हे माहीत असावं लागतं. तेच तर शिकायचं आहे.

बंदुकीपासून खोप्यापर्यंत

सलीम अलींची सुरुवात एअरगनने झाली. १९०८ च्या सुमारास मुंबईत, बारा-एक वर्षांच्या या मुलाने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी हे विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेला, आणि तिथे डब्ल्यू. एस. मिलर्ड यांनी त्याला पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कप्पे उघडून दाखवले. ही गोष्ट आपल्याला शाळेपासून माहीत असते. तिच्या पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते.

१९३० साली सलीम अलींना नोकरी नव्हती. अलिबागजवळ किहीमला सासरच्या घरी ते राहत होते. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. ते तिथे महिनोन्‌महिने बसले आणि नुसतं बघत राहिले. त्या बघण्यातून त्यांनी सुगरणीच्या संसाराचा जो उलगडा केला, त्याने त्यांचं नाव झालं. नाव ‘सुगरण’ असलं तरी खोपा विणतो तो नर. तो अर्धा खोपा विणून थांबतो. मादी येते, आत शिरून तपासते. तिला पटला तर ती राहते, मग नर खोपा पुरा करतो. आणि नंतर तो दुसरा खोपा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी.

हे सगळं त्यांना दूरच्या जंगलात नाही, घराजवळच्या झाडांवर सापडलं. एका जागी बसल्यामुळे सापडलं. आमच्याकडे विहिरीवर कललेल्या बाभळी अजून आहेत आणि पावसाळ्यात त्यांना खोपे लटकतात. विहिरीच्या पलीकडच्या काठावर बसलं तर सुगरणी आपलं काम थांबवत नाहीत. जून ते सप्टेंबर, दर रविवारी, त्याच दगडावर बसून त्याच फांदीचा फोटो काढा. चार महिन्यांनी तुमच्याकडे विणकामाची सगळी मालिका तयार असेल. पहिली गाठ, अर्धा खोपा, तपासणीला आलेली मादी, नापसंत म्हणून सोडलेला खोपा. एका रविवारी तीस हजारांच्या सफारीत असली मालिका मिळत नाही.

फोटोखाली काय लिहिता?

इन्स्टाग्रामवर पक्ष्याच्या फोटोखाली बहुतेक वेळा तीन गोष्टी असतात: एक इंग्रजी सुविचार, कॅमेऱ्याचं मॉडेल आणि तीस हॅशटॅग. पक्ष्याचं नाव असलं तर नशीब. तारीख आणि गाव जवळजवळ कधीच नसतं. यात काय एवढं, असं वाटत असेल तर रानपिंगळ्याची गोष्ट ऐका.

रानपिंगळा हे आपल्या मध्य भारतातलं, सातपुड्याच्या बाजूचं लहान घुबड. १८८४ नंतर त्याचा एकच नमुना मिळालाय असं मानलं जाई. तो रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात होता, आणि त्याच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं गुजरात, १९१४. लोक त्या चिठ्ठीवर विसंबले. पुढे पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलं तेव्हा कळलं की तो नमुना संग्रहालयातून चोरलेला, जुनाच पक्षी होता. नव्याने शिवून त्याला खोटी चिठ्ठी लावली होती. मग त्यांनी खोटं ठिकाण सोडून दिलं, जुन्या खऱ्या नोंदींच्या जागा धुंडाळल्या, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला. शंभराहून जास्त वर्षांनी. तो सगळा काळ पक्षी आपल्या जागीच होता, चुकीची होती ती चिठ्ठी.

आपला फोटो म्हणजे आजचा नमुना आणि त्याखालची ओळ म्हणजे त्याची चिठ्ठी. भिगवणचा फोटो ‘माझ्या गावाकडचा’ म्हणून टाकणं, पाळलेल्या शिकऱ्याचा फोटो जंगलातला म्हणून देणं, फोनच्या शंभरपट झूमने स्वतःच रंगवलेली पिसं खरी म्हणून दाखवणं, आणि आता तर कॉम्प्युटरने बनवलेला पक्षी आपण काढला असं सांगणं, या सगळ्या खोट्या चिठ्ठ्याच आहेत. लाइक मिळतात. पण पन्नास वर्षांनी कुणी ‘इथे हा पक्षी होता का?’ असं विचारलं तर तो फोटो साक्ष देऊ शकत नाही.

घुबड, घरटं, दुर्मीळ पक्षी यांची नेमकी जागा मात्र जाहीर करायची नाही, नाहीतर दुसऱ्या दिवशी तिथे गाड्या लागतात. दोन्ही एकदम जमतं. तारीख आणि ठिकाण आपल्या वहीत लिहा, ई-बर्डवर नोंदवा. संवेदनशील जातींचं नेमकं ठिकाण तिथे झाकलेलं असतं. जगजाहीर पोस्टमध्ये फक्त जिल्हा लिहिला तरी पुरे.

आपल्या तालुक्याच्या नावाचा पक्षी

आता माझ्या रागाचं खरं कारण. १९७९ साली माळढोक अभयारण्य जाहीर झालं, सोलापूर आणि तेव्हाचा अहमदनगर जिल्हा मिळून सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर. त्यात आमचा श्रीगोंदा तालुका होता. म्हणजे सरकारी कागदावर आमच्या तालुक्याची ओळख ऊस किंवा कांदा नव्हती, माळढोक होती. पुढे हे क्षेत्र कमी करून सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आणलं. आज जगात माळढोक दीडशेच्या आसपास उरले असतील, आणि त्यातले बहुतेक राजस्थानात.

मी ज्यांना ज्यांना ओळखतो त्या माझ्या वयाच्या पोरांपैकी एकाने इथे माळढोक पाहिलेला नाही. त्यापेक्षा मला हे टोचतं की ‘आमच्या गावच्या माळावरचा माळढोक’ असा फोटोही मला कुणाच्या घरात, कुणाच्या जुन्या अल्बममध्ये दिसलेला नाही. लग्नाचे फोटो आहेत, बैलपोळ्याचे आहेत, निवडणुकीच्या मिरवणुकांचे आहेत. ज्या पक्ष्याच्या नावाने अख्खा तालुका अभयारण्यात होता, त्याचा नाही. तो गेला तेव्हा कुणाला कळलंही नाही, कारण तो आहे याचीच कुणी नोंद ठेवत नव्हतं.

तेव्हा कॅमेरे नव्हते, ठीक आहे. आता प्रत्येकाच्या खिशात आहे. आणि जाणाऱ्यांची रांग संपलेली नाही. २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ या अहवालाने देशभरातल्या ९४२ जातींचा आढावा घेतला. त्यासाठी हजारो हौशी पक्षीनिरीक्षकांच्या नोंदी वापरल्या. माळराना-गवताळ प्रदेशातल्या पक्ष्यांची घसरण त्यात ठळक दिसते. ज्या जातींची धोक्याची पातळी जागतिक यादीत पुन्हा तपासावी असं त्या अहवालाने सुचवलं, त्यात नीलकंठ आहे. तोच, रस्त्याकडेच्या तारेवर बसणारा. ‘हा काय, नेहमीचाच’ म्हणून ज्याच्याकडे बघत आपण भिगवणला जातो, तो.

माळावरची पखुर्डी, धाविक, माळटिटवी यांची तर कुणाला नावंही माहीत नाहीत. माळ म्हणजे पडीक असं कागदावर लिहिलेलं असतं आणि आपणही तसंच म्हणतो. पडीक म्हटलं की नांगर, मुरूम, प्लॉटिंग, सोलर, काहीही चालतं. ही जमीन रिकामी नाही हे कसं दाखवणार? ग्रामसभेत, तहसीलमध्ये, कोर्टात कुणी विचारलं की इथे काय होतं, तर पाच वर्षांचे, तारीखवार, त्याच माळाचे फोटो लागतात. उडत्या फ्लेमिंगोचे चाळीस हजार सारखे फोटो तिथे काही कामाचे नाहीत. श्रीगोंद्याच्या माळावर जानेवारीच्या सकाळी बसलेल्या एका मळकट धाविकाचा थोडा हललेला फोटो कामाचा आहे.

हरकती

लोक दोन हरकती घेतात. पहिली, ‘आम्ही छंद म्हणून करतो, आनंदासाठी. सगळ्यालाच कशाला पुरावा करायचं?’ जरूर आनंदासाठी करा. पण तुमच्या आनंदाची किंमत टिटवीने भरायची असेल तर तो फक्त तुमचा खासगी छंद राहत नाही.

दुसरी हरकत जास्त प्रामाणिक आहे. ‘गावात बगळ्यामागे पडून राहिलं तर लोक हसतात. भिगवणला सगळेच फोटोग्राफर असतात, तिथे कुणी हसत नाही.’ हे खरं आहे. हसतात. पण हसणारेच चार शनिवारांनी विचारायला लागतात. महिन्याभराने सांगायला लागतात, ‘परवा आमच्या बांधावर एक निळं पाखरू होतं बघ.’ मारुती चितमपल्लींनी आयुष्यभर रानात राहणाऱ्या माणसांकडून ऐकून ऐकून पक्ष्यांची नावं गोळा केली, आणि त्यातून ‘पक्षीकोश’ उभा राहिला. जो पक्षी फक्त एका फोटोग्राफरला माहीत असतो त्याला वाचवायला कुणी नसतं. जो बाजारातल्या मामांना माहीत असतो, त्याच्यासाठी चार माणसं तरी बोलतील.

म्हणून माझं सांगणं असं. लेन्सचे हप्ते सुरू करण्याआधी घरापासून दोन किलोमीटरच्या आतली एक जागा निवडा. बाजार, तळं, माळ, रेल्वेची कड, कचऱ्याचा ढीग, काहीही. वर्षभर दर आठवड्याला एक तास तिथे जा. दहा जाती ठरवा, जास्त नको. प्रत्येक जातीचा एक तरी असा फोटो मिळवा, ज्यात ती काहीतरी काम करताना दिसते. फोटोखाली नाव, तारीख, गाव लिहा. घरट्याजवळ जाऊ नका, आणि घरट्याचा फोटो दिसला तर लाइक करू नका. दर फेब्रुवारीत ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ असतो, चार दिवस, पंधरा मिनिटांचीसुद्धा नोंद चालते. त्यात तुमच्या गावाच्या नावाची एक यादी टाका.

मग जा भिगवणला. नावाड्याला स्वतःहून सांगा की मामा, लांबच थांबवा. फ्लेमिंगो मान खाली घालून पाणी गाळत असतील, आणि त्यांचं ते काम चालू असतानाचा फोटो तुम्हाला काढता येईल.